पत्र्याखालचं ओव्हरक्लॉक: परभणी, उन्हाळा २०२३

२६ एप्रिल, बुधवार

कालपासून वही घातली. आधी आकडे डोक्यातच ठेवत होतो, पण रात्री अकराला लावलेला क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, सकाळी आठवत नाही.

मशीन वरच्या पत्र्याच्या खोलीत. ग्राफिक्स कार्ड रेडिऑन आरएक्स ५८०, ८ जीबी, फेब्रुवारीत सेकंडहँड घेतलेलं. गेल्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (अशा कार्डांवर गणितं सोडवून चलन कमावणं) बंद पडलं आणि ही कार्डं बाजारात कांद्यासारखी उतरली. विकणारा म्हणाला, "गेमिंगचंच आहे दादा, मायनिंग नाही." घेतलं तेव्हा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बसत नव्हता, एरर ४३ यायचा. त्यानेच एक लहानसा पॅचर नावाचा प्रोग्राम पाठवला, तो चालवला आणि सगळं सुरू झालं.

काम लग्नाच्या व्हिडिओंचं. मामांचा फोटो स्टुडिओ आहे, शूट त्यांचं आणि एडिट माझं. मे महिन्यात इतकी लग्नं आहेत की रेंडर, म्हणजे एडिटमधून तयार व्हिडिओ काढणं, रात्रभर चालतं. म्हणून ओव्हरक्लॉक: कार्ड कारखान्याच्या वेगापेक्षा जास्त पळवायचं.

चाचणीची क्लिप ठरवली: एका हळदीची चार मिनिटं. रंगकाम, ग्लो, दोन ठिकाणी ब्लर. हळद मुद्दाम निवडली, कारण सपाट पिवळ्या रंगात एक पिक्सेल जरी इकडचा तिकडे झाला तरी लगेच दिसतो. रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, कार्डाच्या आहे त्या सेटिंगवर, म्हणजे कोअर (मुख्य चिप) १३४० मेगाहर्ट्झ, मेमरी २०००, कोअरला ११५० मिलिव्होल्ट: ११ मिनिटं ४० सेकंद. कार्ड ७८ अंशावर, खोली ३४.

२७ एप्रिल, गुरुवार

कोअर १३७०, चाललं. १४००, चाललं. १४३० ला हेवन बेंचमार्क (कार्डावर भार टाकून बघणारा प्रोग्राम) सुरू करून खाली पाणी प्यायला गेलो, परत येईपर्यंत स्क्रीन काळी. पंखा जोरात ओरडला, मग पाच-सहा सेकंदांत डेस्कटॉप परत. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ४१०१: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो पुन्हा सुरू झाला. विंडोज कार्डाची दोन सेकंद वाट बघतं, उत्तर आलं नाही की ड्रायव्हर उठवून बसवतं. मशीन बंद पडत नाही, पण चाललेलं रेंडर मात्र जातं.

व्होल्टेज ११७५ केलं. पुन्हा हेवन. सलग दोन तास एक चूक नाही. रात्री साडेबाराला मामांना मेसेज केला, "झालं काम."

२८ एप्रिल, शुक्रवार

झालं नव्हतं. सकाळी सेटिंग बघितली तर कोअर १३४०, ११५० मिलिव्होल्ट. कालच्या क्रॅशनंतर एएमडीच्या सॉफ्टवेअरने गुपचूप सगळं मूळ जागी नेलं होतं. मी ११७५ टाकलं होतं ते 'लागू करा' न दाबता तसंच सोडलं असणार. कोपऱ्यात सूचना येते म्हणे, मी पाणी पीत होतो. म्हणजे काल रात्री दोन तास मी कारखान्यातून आलेल्या सेटिंगची परीक्षा घेतली आणि ती पास झाली म्हणून खूश झालो.

आजपासून नियम: प्रत्येक चाचणीआधी आणि नंतर क्लॉकचा स्क्रीनशॉट.

मेमरी वाढवायला घेतली. २१५० ला हेवनचे दर सेकंदाचे फ्रेम वाढलेले दिसतात. सोबत 'मेमरी व्होल्टेज' म्हणून जो रकाना आहे तो ५० मिलिव्होल्टने वर केला.

१ मे, सोमवार

महाराष्ट्र दिन, स्टुडिओ बंद. अवकाळीमुळे हवा गार, पत्र्यावर टपटप. खोली २७.

कोअर १४२०, ११७५ मिलिव्होल्ट, मेमरी २१५०. या वेळी स्क्रीनशॉट आहेत. हेवन दोन तास, हळदीची क्लिप तीनदा. वेळ ११:०५. कार्ड ७४ अंश. पस्तीस सेकंद वाचले. हीच सेटिंग कायम केली.

१० मे, बुधवार

पाऊस गेला, ऊन आलं. गेल्या तीन दिवसांत चार वेळा पडलं. आज दुपारी साडेतीनला दोनदा. खोली ४० अंश, कार्ड ८६, पंखा शंभर टक्के. मशीन तेच, सेटिंग तीच, फक्त ढग नाहीत.

चिप तापली की आतल्या विजेची गळती वाढते, गळती वाढली की वीज जास्त खाते, जास्त खाल्ली की अजून तापते. त्यातच तापलेल्या चिपला तोच वेग पेलायला थोडं जास्त व्होल्टेज लागतं. २७ अंशाच्या खोलीत १४२० ला जेमतेम पुरणारे ११७५ मिलिव्होल्ट ४० ला पुरत नाहीत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणतात, पण जर्मनीतल्या कुणाच्या १४५० च्या गोष्टी वाचून परभणीच्या पत्र्याखाली आकडे लावू नयेत.

मामांचा फोन: "कवा द्यायलास रे हळदीचा व्हिडिओ? पाव्हणे रोज विचारायलेत." उद्या म्हणालो.

११ मे, गुरुवार

काल रात्री दहा वाजता, खोली ३३ वर आलेली असताना, पूर्ण मशीन रीस्टार्ट झालं. काळी स्क्रीन नाही, ड्रायव्हर परत येणं नाही. खटकन बंद आणि पुन्हा सुरू. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ नव्हता, कर्नल-पॉवर ४१ होता. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता बंद झालं. कारण तो सांगत नाही.

पहिला संशय लाईटवर. पण घरात इन्व्हर्टर आहे आणि त्या वेळी लाईट गेली नव्हती, आजी खाली टीव्ही बघत होती.

आत्ता कळतंय की मी दोन वेगळी दुखणी एकाच रकान्यात लिहीत होतो. वहीत मागे जाऊन प्रत्येक क्रॅशपुढे खूण केली: 'ड्रा' म्हणजे ड्रायव्हर उठला, 'री' म्हणजे मशीनच रीस्टार्ट. 'ड्रा' पाच निघाले, पहिला २७ तारखेचा सोडला तर सगळे दुपारचे. 'री' दोन, दोन्ही रेंडर सुरू होताच पहिल्या मिनिटात, म्हणजे एकदम लोड आला तेव्हा. उन्हाशी त्यांचा संबंध नाही.

१२ मे, शुक्रवार

बाजू उघडली. कार्डाला ८ पिनची वायर हवी. विकणाऱ्याने कार्डासोबत एक जोड दिला होता: दोन जुन्या मोलेक्समधून (चार पिनांचे जुने वीज-प्लग) ८ पिन. माझ्या पॉवर सप्लायला स्वतःची ८ पिन आहे, पण ती आखूड पडत होती म्हणून मी हा जोड लावलेला. बोटाने बघितलं तर प्लास्टिक मऊ झालेलं, एका पिनभोवती पिवळट काळा डाग. दोन्ही मोलेक्स एकाच वायरवर होते, म्हणजे सगळा भार एकाच पातळ जोडीवर.

८ पिनवरून १५० वॉटपर्यंत घ्यायचे असा ठरलेला हिशेब आहे, मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५. सॉफ्टवेअर मला १५५ वॉट दाखवायचं आणि मी निवांत होतो. पण पोलारिसच्या, म्हणजे या ५८० च्या पिढीच्या, कार्डांवर तो आकडा फक्त चिपचा असतो. मेमरी, पंखे, व्होल्टेज उतरवणाऱ्या भागातली उष्णता, हे त्यात धरलेलं नसतं. वरून मी व्होल्टेजही वाढवलं होतं.

सप्लायची मूळ वायर मदरबोर्डच्या मागून न नेता समोरून ओढून आणली. दिसायला घाण दिसते, पण पोचते. जोड कचऱ्यात टाकला, आधी कापून, म्हणजे परत कुणी लावायला नको.

१४ मे, रविवार

लग्न नाही, म्हणून पूर्ण दिवस कार्डावर.

हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर काढणारा पट्ट्यांचा ठोकळा) काढला. त्याच्या आणि चिपच्या मधली जुनी पेस्ट वाळून भिंतीच्या चुन्यासारखी, नखाने पापुद्रे निघाले. पट्ट्यांमध्ये धूळ नुसती धूळ नव्हती, लेप होता. खोलीत वाळ्याचा कूलर चालतो, त्याची ओली हवा आणि बाहेरची माती मिळून चिखल होतो आणि तो पट्ट्यांत वाळतो. टूथब्रश आणि आयसोप्रोपिल, दोन तास गेले. मेमरीची उष्णता हीटसिंकला पोचवणाऱ्या दोन पॅड फाटलेल्या होत्या. त्यांची जाडी महत्त्वाची: जास्त जाड घातली तर हीटसिंक चिपवर टेकत नाही. जुनी न दबलेली कड मोजून तेवढ्याच जाडीची मागवली. आत्तेभाऊ संभाजीनगरहून तपोवन एक्सप्रेसने येणार आहे, त्याच्याकडे. तोवर फाटक्याच नीट जुळवून ठेवल्या.

नवी पेस्ट लावली. दुपारी चारला, खोली ४०, तीच सेटिंग: ८६ चे ७९. क्लिप दोनदा गेली, 'ड्रा' नाही, 'री' नाही.

आजी वर आली होती. "कामून बसलास या भट्टीत? खाली आण की ते खोकं." म्हटलं बघू.

१५ मे, सोमवार

मामांनी क्लिप परत पाठवली. दोन मिनिटं अठरा सेकंदाला नवरीच्या गालावर एक हिरवा चौकोन. एकाच फ्रेममध्ये. मी तीनदा बघूनही मला दिसला नव्हता, नवरीच्या बहिणीला दिसला.

क्रॅश नाही, काळी स्क्रीन नाही, इव्हेंट व्ह्यूअर स्वच्छ. हे तिसरं दुखणं, आणि सगळ्यात वाईट, कारण यात मशीन काही सांगतच नाही. पहिली दोन निदान ओरडतात तरी.

१७ मे, बुधवार

आजची नोंद मोठी आहे.

एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर या कार्डांवर मेमरीच्या चुकांची मोजणी दाखवतं. जीडीडीआर५ मेमरी आणि चिप यांच्यामध्ये जो डेटा जातो-येतो त्याची पडताळणी होते. ताळा जमला नाही तर तो तुकडा पुन्हा पाठवला जातो. एसटीच्या पार्सलसारखं: चिठ्ठी आणि माल जुळला नाही की परत पाठवा. म्हणून मेमरी जास्त ताणली तर मशीन लगेच पडत नाही. आधी फेऱ्या वाढतात, वेळ खर्च होतो, आणि क्लॉक वाढवूनही काम हळू होतं. ही पडताळणी वाहतुकीची आहे, कोठारातली नाही. मेमरीच्या आतच बिट बदलला तर तिला कळत नाही.

२१५० वर दहा मिनिटं हेवन: मोजणी चौदा हजारांवर. फ्रेम मात्र ठीक. म्हणजे गेले तीन आठवडे मी ज्याला वेग म्हणत होतो त्यातला बराचसा भाग परत पाठवलेल्या पार्सलांचा होता.

२१००: सहाशेच्या आसपास. २०५०: एकशे चाळीस. मग २०००, जी कारखान्याचीच सेटिंग: अकरा.

अकरा का? मूळ क्लॉकवर शून्य हवं.

तासभर डोकं खाजवलं. 'मेमरी व्होल्टेज'चा रकाना आठवला आणि त्याबद्दल वाचलं: पोलारिसवर तो मेमरीचं व्होल्टेज बदलतच नाही. कोअरचं व्होल्टेज त्याखाली जाऊ द्यायचं नाही अशी ती खालची मर्यादा आहे. मेमरीला मिळणारं व्होल्टेज कार्डावर पक्कं असतं. म्हणजे मी मेमरीला बळ द्यायला गेलो आणि उगाच कोअर तापवत बसलो. तो रकाना मूळ जागी आणला. मोजणी तरीही नऊ.

मग पॅचर आठवला.

फेब्रुवारीत ड्रायव्हर का बसत नव्हता? कार्डावरच्या बायोसची (कार्डात कायम साठवलेला मूळ प्रोग्राम) सही जुळली नाही की एएमडीचा ड्रायव्हर ते कार्ड नाकारतो. पॅचर ती तपासणी बंद करतो. बायोस कुणी बदललेलाच नसता तर पॅचर लागलाच नसता. हे मी स्वतःच्या हाताने पहिल्या दिवशी केलं आणि पहिल्याच नोंदीत लिहून ठेवलं, तरी तीन आठवडे दिसलं नाही.

जीपीयू-झेडने बायोस फाईलमध्ये काढून घेतला, पोलारिस बायोस एडिटरमध्ये उघडला. मेमरीच्या टायमिंगचा, म्हणजे तिने प्रत्येक कामाआधी किती थांबायचं याचा, तक्ता आहे, प्रत्येक क्लॉकपुढे अंकांची एक लांब ओळ. १७५० पुढची ओळ आणि २००० पुढची ओळ अक्षरन् अक्षर सारखी. मायनिंगवाल्यांची जुनी युक्ती: कमी क्लॉकसाठी असलेली कसलेली टायमिंग उचलून जास्त क्लॉकला चिकटवायची. इथेरियम सगळं मेमरीच्या वेगावर चालायचं, म्हणून हॅशरेट, म्हणजे गणितं सोडवण्याचा वेग, वाढायचा. एखादी चूक झाली तर एक उत्तर फुकट जायचं, दुसरं लगेच यायचं. त्यांना परवडत होतं. हिरव्या गालाची नवरी त्यांच्याकडे नव्हती.

म्हणजे मी आधीच ताणलेल्या दोरीला आणखी पीळ देत होतो.

१८ मे, गुरुवार

कार्डाच्या कडेला एक बारीक स्विच आहे. दोन बायोस असतात, स्विच सरकवला की दुसरा. मशीन बंद करून, वायर काढून सरकवला. मायनिंगवाले सहसा एकच बदलतात, दुसरा अडचणीला ठेवतात. तसंच निघालं. एडिटरमध्ये दोन्ही ओळी वेगळ्या दिसल्या. ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकला, पॅचरशिवाय. बसला.

२००० वर अर्धा तास: मोजणी शून्य. एक तास: शून्य.

विकणाऱ्याला फोन करावा असं वाटलं. केला नाही. त्याने खोटं सांगितलं, पण पॅचरही त्यानेच दिला होता, आणि तो घेताना मी एक प्रश्नही विचारला नाही.

आता जुने सगळे आकडे रद्द. २६ एप्रिलची ११:४० सुद्धा, ती चुकांच्या बायोसवर मोजलेली. मूळ सेटिंगवर पुन्हा मोजलं: ११:३८.

१९ मे, शुक्रवार

थोडं गणित. वीज साधारण क्लॉकच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. १३४० ला ११५० वरून १४३० ला १२०० वर गेलो तर क्लॉक पावणेसात टक्के वाढतो आणि वीज सोळा टक्के. पत्र्याखाली हा सौदा तोट्याचा.

म्हणून उलटं केलं. क्लॉक थोडा वर, व्होल्टेज खाली. १३८० ठेवून ११५० पासून दहा-दहाने उतरलो. ११०० ला 'ड्रा'. १११० ला तासभर ठीक. कागदावर ही सेटिंग मूळपेक्षा चार टक्के कमी वीज खाते, वेग मात्र जास्त.

मेमरी: २०५० शून्य, २०७५ शून्य, २१०० ला वीस मिनिटांत तीन. २०७५. एका वेळी एकच गोष्ट बदलली, हे पहिल्यांदाच.

२१ मे, रविवार

आजीचं ऐकलं. मशीन खाली माळवदाच्या खोलीत आणलं. वर ४१, खाली ३२, त्याच वेळी मोजलेलं. जाड मातीच्या भिंती, वर लाकूड आणि पांढरी माती, ऊन आत यायलाच संध्याकाळ होते. कार्डाचं तापमान खोलीबरोबर जवळजवळ तेवढंच उतरलं: ७६ चे ६८. पेस्ट, पट्ट्या, पंखे सगळं करून जेवढं मिळालं त्याहून जास्त नुसता जिना उतरून.

तोटा एकच, माळवदातून माती गळते. केसच्या वर आजीचं जुनं नऊवारी चौपदरी बांधलंय, पण हवा जाणाऱ्या जाळीवर नाही, तिच्या एक हात वर, मांडवासारखं.

२३ मे, मंगळवार

आत्तेभाऊ काल रात्री पॅड घेऊन आला. बसवल्या. दुपारी २ ते ५ पूर्ण परीक्षा, आजवरचा सगळ्यात तापलेला दिवस. १३८०, १११०, मेमरी २०७५. हळदीची क्लिप सलग दहा वेळा, मध्ये मध्ये हेवन. कार्ड ६७. 'ड्रा' शून्य, 'री' शून्य, मोजणी शून्य. दहाही फाईलींचा दोन मिनिटं अठरा सेकंदांचा फ्रेम काढून शेजारी शेजारी ठेवला, गाल पिवळाच आहे.

वेळ ११:१२. मूळपेक्षा सव्वीस सेकंद कमी.

मामांना सांगितलं. म्हणाले, "महिनाभर घातलास अन् सव्वीस सेकंद? तेवढ्यात चहा बी होत नाही." मग म्हणाले नवरीच्या बहिणीला नवी क्लिप पाठव. पाठवली. संध्याकाळी तिचा अंगठा आला.

११ जून, रविवार

पहिला जोरदार पाऊस. खाली २८ अंश. हात शिवशिवले, १४०० आणि ११४० लावून बघितलं. चाललं, मोजणी शून्य, ११:०६. परत १३८० केलं आणि प्रोफाईलला नाव दिलं 'उन्हाळा'. १४०० चं 'पावसाळा' म्हणून वेगळं ठेवलंय, आषाढातल्या लग्नांना बघू.

माळवदाच्या ईशान्य कोपऱ्यातून पाण्याचा थेंब येतोय. मशीनपासून तीन हात लांब आहे. उद्या वर जाऊन माती टाकायची.